जहाजावरचा आवाज आणि तुमचे कान: पहिल्यांदा जॉइन होणाऱ्यांसाठी

किनाऱ्यावरच्या कारखान्यात पाळी संपली की कामगार गेटबाहेर पडतो आणि पुढचे पंधरा-सोळा तास त्याच्या कानांना उसंत मिळते. जहाजावर वॉच संपला की आपण तीन-चार डेक वर चढून केबिनमध्ये जातो. खाली तेच इंजिन आणि तेच जनरेटर चालूच असतात. असं सहा महिने, काहींचं नऊ महिने. म्हणून जहाजावर कानांचा हिशोब चोवीस तासांचा ठेवावा लागतो, आणि तोही मिनिटांत. तुम्ही जीपी रेटिंग (सर्वसाधारण खलाशी) असा, डेक कॅडेट, ट्रेनी इंजिनीअर, ईटीओ (विजेची यंत्रणा सांभाळणारा अधिकारी) किंवा मेसमन, पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. इंजिनवाल्यांना जरा जास्त, इतकंच.

ट्रेनिंगमध्ये आग विझवणं, लाइफबोट उतरवणं हे जीव तोडून शिकवतात आणि ते योग्यच आहे. कानांच्या वाट्याला मात्र एखादं पान येतं. कारण सोपं आहे: आगीत माणूस डोळ्यांसमोर जातो, कान जायला दहा वर्षं लागतात आणि जाताना दुखतसुद्धा नाहीत.

आधी आकडे समजून घ्या

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. इथे ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. त्यामुळे कानात काहीही न घालता ८५ डेसिबलमध्ये आठ तास ही मर्यादा धरली, तर ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं उरतात. १०५ ला पुरती पाच मिनिटंही मिळत नाहीत. ११० ला दीड मिनिट. चालू जनरेटरजवळ उभं राहून लॉगबुकाची रीडिंग घ्यायला याहून जास्त वेळ लागतो, हे पहिल्याच आठवड्यात तुमच्या लक्षात येईल.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा, जहाजांवरच्या आवाजाविषयीचा कोड २०१२ मध्ये मंजूर झाला आणि १ जुलै २०१४ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या कराराखाली बंधनकारक झाला. १,६०० ग्रॉस टनेज (जहाजाच्या आकाराचं माप) आणि त्यावरच्या नव्या जहाजांना तो लागू आहे. त्यात चोवीस तासांची सरासरी मर्यादा ८० डेसिबल आहे. वरचे आठ तासांचे ८५ आणि हे चोवीस तासांचे ८० हिशोबाने जवळपास एकच भरतात; फरक एवढाच की दुसऱ्या आकड्यात तुमची झोप आणि जेवणही मोजलं जातं.

जागेनुसार कमाल आवाज किती असावा, हेही कोड सांगतो. मशिनरी स्पेसला ११०, इंजिन कंट्रोल रूमला ७५, वर्कशॉपला ८५, ब्रिजला ६५, ब्रिज विंगवर ७०, गॅलीत ७५. केबिन आणि जहाजावरच्या हॉस्पिटलसाठी १०,००० टनांपर्यंतच्या जहाजांवर ६०, त्याहून मोठ्यांवर ५५. आता ११० हा आकडा पुन्हा वाचा. कोडच्या सगळ्या अटी पाळून, क्लासचा, म्हणजे जहाज तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का घेऊन बांधलेल्या कोऱ्या जहाजाच्या इंजिन रूममध्येही काही न घालता दीड मिनिटात तुमचा दिवसभराचा कोटा संपू शकतो. ‘जहाज नियमात आहे’ म्हणजे ‘माझे कान सुरक्षित आहेत’ असं समजू नका. उरलेलं काम कानावरच्या संरक्षणावर आणि तुमच्या घड्याळावर सोडलेलं आहे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा: १२० डेसिबलच्या वर प्लग-मफ सगळं चढवूनही जायचं नाही.

घर सोडण्याआधी: ऑडिओग्रामची प्रत मागून घ्या

जॉइन होण्याआधीच्या मेडिकलमध्ये कानांची तपासणी होते. बहुतेक मुलं ‘फिट’ ऐकलं की पावती घेऊन बाहेर पडतात. तसं करू नका. ऑडिओमेट्रीचा आलेख, दोन्ही कानांचा, मागून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी कान कमी झाले असं सिद्ध करायची वेळ आली, तर सुरुवातीला ते चांगले होते याचा हा एकमेव पुरावा असतो.

आलेख वाचायला अवघड नाही. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी वाढत जाते: ५००, १०००, २०००, ३०००, ४०००, ६०००, ८००० हर्ट्झ. रेघ जितकी वर तितकं ऐकू चांगलं. यंत्रांच्या आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडून सुरू होतं आणि ८००० ला रेघ पुन्हा जरा वर येते. हा खड्डा डॉक्टरांना आवाजाच्या सहीसारखा ओळखू येतो.

आता गोम इथे आहे. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षण आणि पात्रतेचा आंतरराष्ट्रीय करार, याच्या मार्गदर्शक निकषात ५००, १०००, २००० आणि ३००० हर्ट्झची सरासरी बघतात: चांगल्या कानाला ३० डेसिबल, दुसऱ्याला ४०. त्यात ४००० नाही. म्हणजे जिथे नुकसान सुरू होतं नेमकी तीच जागा सरासरीत येत नाही, आणि खड्डा पडलेला असूनही तुम्ही वर्षानुवर्षं ‘फिट’ ठरू शकता. निकष नोकरीला लायक आहात का हे ठरवण्यासाठी आहे. कान झिजतोय का, हे बघायला आलेखच लागतो.

तपासणीआधी निदान चौदा तास मोठ्या आवाजापासून लांब राहा. गणपतीत पुण्यात किंवा गावात ढोल-ताशा पथकात वाजवून दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलला गेलात, तर कान तात्पुरते बधिर असतात आणि आलेख उगाच खाली दिसतो. पुढे तोच आलेख तुमच्याविरुद्ध वापरता येतो. आणि पथकात वाजवत असाल तर तिथेही प्लग घाला. सुट्टीत कानांना विश्रांती मिळते म्हणायचं आणि ती मिरवणुकीत घालवायची, यात शहाणपणा नाही.

जहाजावरचे पहिले दोन दिवस

सेफ्टी फॅमिलिअरायझेशनच्या वेळी थर्ड मेट तुम्हाला लाइफजॅकेट, मस्टर स्टेशन, अग्निशामक दाखवतो. त्या फेरीत दोन गोष्टी विचारा: ‘नॉइज सर्व्हे रिपोर्ट कुठे आहे?’ आणि ‘इअर मफ आणि प्लग कोणाकडे मिळतात?’

कोड लागू असलेल्या जहाजावर नॉइज सर्व्हे रिपोर्ट असावाच लागतो आणि तो क्रूला बघायला मिळायला हवा. सी ट्रायलच्या, म्हणजे नव्या जहाजाच्या समुद्रातल्या चाचणीच्या वेळी, इंजिन किमान ८० टक्के ताकदीवर चालवून, जागोजागी घेतलेली मोजमापं त्यात असतात. तुमची केबिन, मेसरूम, प्युरिफायर रूम, स्टीअरिंग गिअर, वर्कशॉप: प्रत्येकापुढे आकडा. स्वतःच्या कामाच्या चार-पाच जागांचे आकडे छोट्या डायरीत उतरवून घ्या. रिपोर्ट मागितला म्हणून कोणी डोळे वटारणार नाही. वटारलेच तर सेफ्टी ऑफिसरला विचारा. हा आकडा जहाज नवीन असतानाचा असतो, हे मात्र विसरू नका. दहा वर्षांत माउंटिंग थकतात, लॅगिंग (पाइपांवरचं आच्छादन) निघतं, पत्रे सैल होतात.

जुन्या जहाजावर हा रिपोर्ट नसू शकतो. तिथे दारावरच्या पाट्या वाचा. कोडप्रमाणे ८५ च्या वरच्या जागेच्या दारावर कानसंरक्षण सक्तीचं असल्याची पाटी हवी. ११० ते ११५ असेल तर ‘थोडाच वेळ थांबा’ हेही लिहिलेलं हवं. आणि ११५ च्या वर असेल तर १० मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पाटी पुसट झाली असेल किंवा रंगाखाली गेली असेल तर सांगा. रंगवणाराने तीही रंगवून टाकली, असं जहाजावर होतंच.

पाटीही नसेल तर साधी कसोटी: हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथे ८५ च्या आसपास किंवा वर आहे असं धरा. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या अॅपने अंदाज मिळतो, पण टँकरच्या डेकवर किंवा कार्गोच्या भागात साधा फोन काढायचाच नसतो. स्फोटाचा धोका डेसिबलच्या आधी येतो.

कुठे कोणता आवाज गाठतो

इंजिन रूममध्ये नवखा माणूस मुख्य इंजिनाला घाबरतो. खरं तर मोठं टू-स्ट्रोक इंजिन धीम्या गतीने चालतं आणि त्याचा आवाज खोल असतो. कान कापतो तो टर्बोचार्जरचा किंचाळा आणि त्याहून जास्त जनरेटर. मध्यम गतीची ही फोर-स्ट्रोक इंजिनं बहुधा एकाच फ्लॅटवर शेजारी-शेजारी असतात. दोन चालू असताना मधल्या बोळात शिरणं ही इंजिन रूममधली सगळ्यात वाईट जागा. एअर कॉम्प्रेसर, प्युरिफायर रूम, बो थ्रस्टर, स्टीअरिंग फ्लॅट, शनिवारी टेस्ट होणारा इमर्जन्सी जनरेटर, इंडिकेटर कॉक उघडून प्रेशर घेण्याचे क्षण, हे बाकीचे. कंट्रोल रूमचं दार उघडं टाकून आत-बाहेर करणाऱ्याला सगळे शिव्या घालतात, आणि ते बरोबरच आहे: एक उघडं दार ७५ ची खोली बिघडवून टाकतं.

डेकवाल्यांना वाटतं आवाज हा इंजिनवाल्यांचा प्रश्न. मग सकाळी चिपिंगला, म्हणजे गंज काढायला लागतात. हवेच्या दाबावर सुया आपटणारी नीडल गन, जिला बरेच जण जेट चिझल म्हणतात, सहज १०० डेसिबलपर्यंत जाते, आणि बंद होल्डमध्ये किंवा बॅलास्ट टँकमध्ये पोलादाच्या भिंतींवरून आवाज परत-परत अंगावर येतो. इंजिन रूमचा फिटर मफ घालून फिरतो आणि त्याच जहाजावर ओएस (डेकवरचा कनिष्ठ खलाशी) दिवसभर उघड्या कानांनी गंज काढतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. माझ्या मते जहाजावरचे सगळ्यात दुर्लक्षित कान डेक क्रूचे. आणि नीडल गन चालवणाऱ्याइतकाच शेजारी बसून वायर ब्रश मारणाराही आवाज खातो. त्यालाही मफ हवा.

डेकवरची दुसरी गोष्ट भोंगा. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याची ताकद कॉलरेग या टक्कर टाळण्याच्या नियमांप्रमाणे एक मीटरवर किमान १४३ डेसिबल असते. धुक्यात चालताना तो दोन मिनिटांच्या आत पुन्हा-पुन्हा वाजतो. फोरमास्टवर भोंगा असलेल्या जहाजावर फोक्सलवर (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर) लुकआउट किंवा अँकर पार्टी उभी असेल, तर त्यांच्या डोक्यावरच वाजतो. फनेलवर किंवा मास्टवर कामाला चढायच्या आधी वर्किंग अलॉफ्टच्या परमिटमध्ये भोंगा आयसोलेट केलाय का, हे स्वतः वाचा. ब्रिजवर ‘व्हिसल बंद’ अशी पाटी लटकलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिडी धरू नका. सारंग (डेक खलाशांचा मुकादम) वैतागला तरी चालेल.

प्लग की मफ?

माझं उत्तर: दोन्ही जवळ ठेवा आणि कामाप्रमाणे निवडा.

तासन्‌तास वॉच असेल, इंजिन रूममध्ये ४० अंशांच्या पुढे उकाडा असेल, तर फोम प्लग सुसह्य पडतात. मफखाली घाम साचतो आणि माणूस तो सारखा उचलतो. आत-बाहेर सतत चालू असेल तर मफ बरा, कारण तो घालायला-काढायला सेकंद लागतो आणि हात तेलकट असले तरी कानात काही जात नाही. हेल्मेट लागणाऱ्या कामाला हेल्मेटवर बसणारे मफ घ्या. साध्या मफची पट्टी हेल्मेटखाली बसत नाही आणि मग मफ गळ्यात लोंबकळतो. चष्म्याच्या काड्या मफची सील उचलतात. चष्मेवाल्यांनी पातळ काडीची फ्रेम घ्यावी किंवा प्लग वापरावेत.

पाकिटावर एसएनआर किंवा एनआरआर म्हणून आकडा असतो: प्लग किंवा मफ किती डेसिबल कापतो तो. तो प्रयोगशाळेतला, तज्ज्ञाने नीट बसवून दिलेला. अमेरिकेची नायॉश ही संस्था सांगते, की एनआरआरच्या आकड्यातून मफसाठी पाव भाग, फोम प्लगसाठी निम्मा आणि बाकीच्या प्लगसाठी ७० टक्के कमी धरावा. यावरून समजा, १०८ च्या जागी तुमच्या फोम प्लगने प्रत्यक्षात १५ कापले, तर कानाच्या पडद्यापर्यंत ९३ पोचतात. ९३ ला मर्यादा सव्वा तासाची. ‘मी प्लग घातलाय’ म्हणून चार तास तिथे थांबता येत नाही.

१०० च्या पुढच्या जागी प्लगवर मफ, असे दोन्ही घाला. दोघांचे आकडे बेरजेला येत नाहीत. ज्याचा आकडा मोठा, त्यात साधारण ५ डेसिबलची भर पडते. पण जनरेटर फ्लॅटवर ते ५ फार मोलाचे आहेत. उलट, ८५-९० च्या जागी सगळ्यात जाड मफ घेऊन जगापासून तुटू नका. कानापर्यंत ७५ ते ८० पोचलं की पुरे. त्याहून कमी केलंत तर माणसं बोलायला म्हणून मफ काढतात.

आणि कॉटन वेस्टचा बोळा कानात कोंबणाऱ्या जुन्या माणसांकडून ती सवय उचलू नका. त्याने आवाज फारसा अडत नाही, फक्त अडल्यासारखा वाटतो.

फोम प्लग घालायची रीत

हात धुऊन, इंजिन रूममध्ये शिरायच्या आधी घाला. चेंजिंग रूममध्ये किंवा कंट्रोल रूममध्ये. तेलाच्या हातांनी घातलेला प्लग कानात बुरशी आणि खाज आणतो, आणि दमट हवेत ती लवकर जात नाही.

प्लग बोटांत घेऊन हळूहळू वळत बारीक, सुरकुती नसलेली वात करा. दाबून चपटा करू नका. दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि बोटाने २०-३० सेकंद धरून ठेवा, फोम फुगेपर्यंत. हे शेवटचं पाऊल सगळे टाळतात आणि प्लग अर्धा बाहेर येऊन बसतो. आरशात समोरून पाहिलं तर नीट बसलेला प्लग जेमतेम दिसतो. अजून एक तपासणी: प्लग घालून तळवे कानांवर घट्ट धरा आणि सोडा. आवाजात मोठा फरक पडला तर प्लग नीट बसलेला नाही. स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमला तर बसलाय.

मफच्या गाद्या कडक झाल्या, चिरल्या की बदलायला मागा. केस, कानातली बाळी, हेडबँड यांवरून घातलेल्या मफला गळती असतेच.

काढलेली मिनिटं

या लेखातलं एकच लक्षात राहायचं असेल, तर हे राहू द्या. ३० डेसिबल कापणारा मफ आठ तासांच्या कामात पूर्ण वेळ घातला तर ३० मिळतात. त्याच आठ तासांत फक्त अर्धा तास काढलात, तर सरासरी संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येतं. अर्धा वेळ काढलात तर ३ वर. गणित निर्दयी आहे, कारण उघड्या कानाने खाल्लेल्या पाच मिनिटांची ऊर्जा बाकीच्या सगळ्या वेळावर भारी पडते.

ही मिनिटं कुठे जातात ते बघा. सेकंड साहेबांनी (सेकंड इंजिनीअरनी) काही सांगितलं म्हणून मफ एका कानावरून उचलला. फोन वाजला. बेअरिंगचा आवाज ऐकायचा होता. घाम पुसला. ‘अरे, फक्त व्हॉल्व्ह उघडून येतो’ म्हणून तसेच धावत गेलो. प्रत्येक वेळी मिनिटभर, आणि दिवसाला सहज अर्धा तास.

यावर उपाय असे: बोलायचं असेल तर कंट्रोल रूममध्ये या किंवा फोनच्या बूथमध्ये शिरा. सांगायचं काम आत जाण्याआधी ठरवून जा. हातांच्या खुणा सगळ्यांच्या एकच असू द्या. ‘थांबव’, ‘सुरू कर’, ‘दाब कमी’, ‘बाहेर चल’ एवढ्या चार खुणांवर अर्धं काम भागतं. बेअरिंग ऐकायला स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायची जुनी पद्धत आजही दिसते. त्यासाठी यंत्राची स्टेथोस्कोप किंवा व्हायब्रेशन पेन मागा. आणि इंजिन रूमच्या प्रत्येक दाराशी मफचा हूक हवा, खालच्या एकाच कपाटात नको. दाराशी नसेल तर माणूस तसाच जातो. यात त्याचा आळस कमी आणि मांडणीचा दोष जास्त. सेफ्टी मीटिंगमध्ये नव्या माणसाने मागावी अशी ही पहिली गोष्ट. पाच किंवा जास्त खलाशी असलेल्या जहाजावर सेफ्टी कमिटी असावी, असं मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, सांगतं. भारताने ते ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केलं. तिथे बोलणं हा तुमचा हक्क आहे.

अलार्म ऐकू येईल का?

नव्या माणसाची रास्त भीती. मफ घातला आणि आग विझवायला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडायचा इशारा ऐकू आला नाही तर? म्हणूनच इंजिन रूममध्ये अलार्मबरोबर दिव्यांचा खांब असतो: जनरल अलार्म, फायर, सीओटू, टेलिग्राफ, फोन यांचे वेगळे दिवे. पहिल्याच दिवशी प्रत्येक दिवा कुठून दिसतो आणि कुठून दिसत नाही ते फिरून बघा. प्युरिफायर रूमच्या कोपऱ्यातून, बॉयलरच्या मागून दिसत नसेल तर सांगा. ते काम ईटीओचं. एकटे जाताना कंट्रोल रूममध्ये सांगून जा आणि डेड मॅन अलार्म (ठरावीक वेळी बटण दाबलं नाही तर वाजणारा) चालू करायला विसरू नका. नीट बसलेला प्लग यंत्राचा आवाज आणि अलार्म दोन्ही सारखेच कमी करतो, त्यामुळे चांगला कान असलेल्याला अलार्म बहुतेक वेळा ऐकू येतो. ज्याचा कान आधीच गेलाय त्याला मात्र प्लग घालून अलार्मही चुकतो. अशा माणसाला तिथे एकट्याने सोडू नये.

झोप

कोडने मोठ्या जहाजावर केबिनला ५५ दिले, ते मुख्यतः झोपेसाठी. विश्रांतीचा नियम चोवीस तासांत किमान १० तास, आठवड्यात ७७ तास असा आहे. पण कागदावर १० तास आणि डोक्यावर चिपिंग चालू, तर ती विश्रांती फक्त फॉर्मवर. रात्रीचा वॉच करून झोपलेल्या माणसांच्या केबिनवरच्या डेकवर दिवसा नीडल गन लावणं ही जहाजावरची सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात सहज टाळता येणारी तक्रार आहे. सकाळच्या कामवाटपात चीफ ऑफिसरला एवढंच विचारा, ‘वॉचवाले किती वाजेपर्यंत झोपलेत?’ काम फोक्सलवर हलवता येतं.

मुंबई हायला ऑफशोअर सप्लाय जहाजांवर आपली पुष्कळ मुलं आहेत. त्यांना वेगळाच त्रास. अशा जहाजांची राहायची जागा पुढच्या बाजूला असते आणि बो थ्रस्टर तिच्याखाली. प्लॅटफॉर्मशेजारी डीपीवर, म्हणजे थ्रस्टरने आपोआप जागा धरून, उभं राहिलं की थ्रस्टर रात्रभर कमी-जास्त होत राहतात, आणि एकसारख्या आवाजापेक्षा हे चढ-उतार झोप जास्त मोडतात. केबिन निवडायची संधी मिळाली तर वरच्या डेकवरची घ्या. झोपताना फोम प्लग चालतात, पण आधी बघा की केबिनमधला जनरल अलार्म प्लग घालून तुम्हाला जागं करतो का. ड्रिलच्या दिवशी हे तपासता येतं. आणि इंजिनाच्या आवाजावर मात करायला हेडफोनवर गाणी मोठी करून झोपणं म्हणजे आवाजावर आवाज ओतणं.

आवाज मुळापाशी कमी करणं

हे चीफ साहेबांचं काम, ट्रेनीचं नाही, असं वाटेल. पण सगळ्यात जास्त फिरतो ट्रेनीच. फ्लोअर प्लेट थरथरतेय, स्क्रू गेलाय. एअर लाइनची गळती फुसफुसतेय; ती बंद केली तर कॉम्प्रेसरही कमी चालेल. एक्झॉस्टच्या बेलोजला फट पडलीय. दुरुस्तीनंतर लॅगिंग परत बसवलंच नाही. टर्बोचार्जरचा सायलेन्सर किंवा कॉम्प्रेसरचा सक्शन फिल्टर काढून ठेवलाय. कंट्रोल रूमच्या दाराचं रबर गेलंय. राउंडच्या नोंदीत ‘नवा आवाज’ असं लिहायला लागा. जागा आणि वेळ टाकून. अनुभवी इंजिनीअर अशा नोंदीला मान देतात, कारण बदललेला आवाज हा बहुधा होऊ घातलेल्या बिघाडाचा पहिला इशारा असतो.

डेकवर धार गेलेल्या सुया बदला, गरजेपेक्षा जास्त हवेचा दाब देऊ नका, आणि जहाजावर हायड्रो-ब्लास्टिंगचा पंप असेल तर मोठ्या भागासाठी तो काढायला सांगा.

रंगकाम करणाऱ्यांसाठी एक कमी माहीत असलेली गोष्ट: रंग आणि थिनरमधल्या टोल्युईन-झायलीनच्या वाफा स्वतःच कानाच्या आतल्या पेशींना इजा करतात, आणि आवाजाबरोबर एकत्र आल्या की नुकसान वाढतं. सकाळी चिपिंग आणि दुपारी त्याच बंद जागेत मास्कशिवाय रंग, हा वाईट बेत आहे. जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनंही कानाला घातक असतात; बंदरावर डॉक्टरकडे गेलात तर ‘मी मोठ्या आवाजात काम करतो’ हे आधी सांगा.

खुणा आणि तक्रार

वॉच संपल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटणं, रात्री शांततेत शिट्टी ऐकू येणं, मेसरूममध्ये टीव्हीचा आवाज दुसऱ्यांपेक्षा जास्त लागणं, या पहिल्या खुणा. सकाळी बरं वाटतं म्हणून माणूस विसरतो. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सकाळी जे परत येतं ते पूर्ण परत आलंय असं नसतं. आधी जातात ते स, श, फ, त असे बारीक पट्टीचे आवाज. म्हणून ‘ऐकू येतं पण कळत नाही’ ही तक्रार येते, आणि वॉकीटॉकीवर ती सगळ्यात आधी जाणवते. मूरिंगच्या वेळी चुकीचा ऐकलेला हुकूम हा कानापुरता प्रश्न राहत नाही.

अशी खूण दिसली तर तारीख, जागा, काम, किती वेळ आणि कोणता मफ, हे डायरीत लिहा आणि सेकंड साहेबांना किंवा सेफ्टी ऑफिसरला सांगा. ऐकलं नाही तर कंपनीचे डीपीए, म्हणजे किनाऱ्यावरचे नेमलेले अधिकारी. त्यांचा नंबर जहाजावर लावलेला असतो. लेबर कन्व्हेन्शनप्रमाणे जहाजावरच्या तक्रारपद्धतीची प्रत तुम्हाला जॉइन होतानाच मिळायला हवी. युनियनचे सभासद असाल तर तेही दार आहे.

एका कानाचं ऐकू येणं अचानक, काही तासांत किंवा रात्रीतून गेलं, तर ते मळ किंवा सर्दी म्हणून सोडू नका. ही तातडीची बाब आहे. उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर बरं व्हायची शक्यता जास्त असते. कॅप्टनना सांगून रेडिओवरून वैद्यकीय सल्ला मागवा. कानात काडी, तेल, स्क्रू-ड्रायव्हर काहीही घालू नका.

ट्रॉलर आणि छोट्या बोटी

मासेमारीच्या बोटींना आयएमओचा हा कोड लागू नाही. मिरकरवाड्याच्या किंवा ससून डॉकच्या ट्रॉलरवर डिझेल इंजिन तांडेलाच्या पायांखाली असतं आणि खलाशी त्याच्या शेजारीच झोपतात. तिथे कोणी सर्व्हे रिपोर्ट देणार नाही. निदान एक्झॉस्टचा सायलेन्सर शाबूत ठेवणं, इंजिनाच्या झाकणाला आतून आवाज शोषणारं, न पेटणारं अस्तर लावणं, आणि इंजिनाजवळ बसणाऱ्याला मफ देणं एवढं करता येतं. मफ काही शे रुपयांत मिळतो. एका फेरीच्या डिझेलपुढे तो खर्च दिसतही नाही.

साइन ऑफ झाल्यावर

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस शांत जाऊ द्या, मग कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जाऊन स्वतःच्या खर्चाने ऑडिओमेट्री करून घ्या. ४००० आणि ६००० हर्ट्झही तपासा, असं सांगा. जॉइन होण्याआधीचा आलेख शेजारी ठेवा. कुठल्याही पट्टीवर १० डेसिबल किंवा जास्त फरक दिसला तर काही दिवसांनी पुन्हा तपासा, आणि तोच राहिला तर पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या मेडिकलमध्ये दोन्ही आलेख डॉक्टरांपुढे ठेवा. ‘फिट’ लिहून मिळेल, बहुधा. पण त्या फाइलमध्ये आलेख तारखेसह लागलेला असेल, आणि कोणत्या जहाजावर कोणती कामं केली ते तुमच्या डायरीत असेल.